माझ्यामागे रायफल कोणाची

आज शनिवार, दिनांक १४ मे २०११, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. मी दहाव्या काडतुसाची दारू काट्यावर तिसऱ्यांदा तोलत होतो तेव्हा मृत्युपत्र लिहून ठेवायचा विचार पक्का झाला. काम अर्धे सोडू नये म्हणून आधी ते काडतूस पुरे केले, मग हात धुतले आणि मगच लेखणी उचलली.

मी, ऑरिन शेफ्लर, वय वर्षे तेवीस, धंदा मेंढ्या राखणे, राहणार केटल बट, साउथ डकोटा, बहिणीच्या घराचे तळघर, असे लिहून ठेवतो की मी पूर्ण शुद्धीवर आहे, कालपासून कॉफीखेरीज काही प्यायलेलो नाही, आणि हे कोणाच्या धाकाने लिहीत नाही. माझे भावोजी ड्वेन हॉफ या वेळी वर घोरत आहेत; तो धाक समजू नये.

वय लहान असताना हे का, असे कोणी विचारील. घरी काडतुसे भरण्याचे जे पुस्तक आहे त्याच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे की चूक झाल्यास इजा किंवा मृत्यू संभवतो. सगळे ते पान उलटतात. मी वाचले. आज दहा वाजता मला स्वतः भरलेली दहा काडतुसे लव्हॉन चेटरबाईंसमोर उडवायची आहेत.

चेटरबाईंच्या कुरणात बिळे करणाऱ्या खारींनी गावेच्या गावे वसवली आहेत. गेल्या हिवाळ्याआधी त्यांच्या घोडीचा पाय बिळात जाऊन मोडला. त्यांना मे ते ऑक्टोबर एक माणूस हवा आहे: खारी आवरायला, कुंपण सांधायला. पगार आहे, आणि ओढ्याकाठचे दोन खोल्यांचे घर आहे. पण एका पाहुण्या शिकाऱ्याने त्यांच्या पाण्याच्या टाकीला भोक पाडल्यापासून त्यांचा नियम असा की शंभर यार्डांवरून पाच गोळ्या मारायच्या आणि पाचही भोके दहा सेंटच्या, नखाएवढ्या नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. संधी दोन. नाणे त्या स्वतः ठेवतात.

मी तीन वर्षे तळघरात कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी झोपतो. ते पहाटे सुरू होते आणि पिळताना माझ्या खाटेकडे चालत येते. मला ते घर हवे आहे.

कलम १. माझी नवी रायफल, दुर्बिणीसह, भावोजींना द्यावी. प्रेम म्हणून नव्हे. घरात कुलपाचे कपाट फक्त त्यांच्याकडे आहे. अटी दोन. पहिली, मला लहान काट्यावर दारू तोलताना पाहून ते रोज विचारतात, "काय वैद्यबुवा, आज कुणाला पुडी?" माझ्यामागे रायफलीला वैद्यबुवाची बंदूक म्हणू नये. दुसरी, दर पाच गोळ्यांनंतर नळीत सळईने औषध लावलेली चिंधी फिरवावी, ती पांढरीशुभ्र बाहेर येईपर्यंत. मी तसेच करतो. चाळीस चिंध्या लागतात.

कलम २. काडतुसे भरायचे प्रेस आणि काटा एमेट रास्ककाकांना परत द्यावा. दोन्ही त्यांच्याकडूनच घेतले. त्यांनी धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षे वजने केली. मला शिकवताना ते म्हणाले, "मेजावर दारूचा एकच डबा. दुसरा दिसला की आधी तो कपाटात, मग पुढचं बोल." हे मी पाळले. पण ते असेही म्हणाले, "एकदा तोललं की तोललं. काटा काय तुझा सासरा आहे, सारखं विचारायला?" हे मला जमले नाही.

कलम ३. माझ्या चार वह्या जोलीनताईला. त्यांत गोळ्या मारलेली एकतीस कागदी निशाणे चिकटवली आहेत. प्रत्येकावर तेच: पहिल्या दोन गोळ्या बाहेर, पुढच्या तीन एकमेकींना चिकटून. मी दारूचे वजन एका ग्रेनच्या दहाव्या भागाने बदलून पाहिले. गोळी कमी-जास्त खोल बसवली. पितळी कवचे वजनाप्रमाणे निवडली, त्यांची तोंडे सारखी कापली. दोन बाहेर त्या बाहेरच. दोष माझ्या हातात असेल, पण तो पहिल्या दोन गोळ्यांनाच का येतो हे मला कळलेले नाही. वह्या भावोजींना दाखवू नयेत. चिंध्यांसाठी ताईची पांढरी उशीची खोळ मीच नेली होती. वाऱ्याने नेली असे मी म्हणालो, ते खोटे होते.

कलम ४. मला थिओडोर काकाशेजारी पुरू नये. त्याने माझे खोगीर दोन दिवसांसाठी नेले ते आणले नाही, आणि आता त्याला मरून सहा वर्षे झाली.

पुरवणी. त्याच दिवशी, अकरा वाजून चाळीस मिनिटे, चेटरबाईंच्या पिकअप गाडीच्या बॉनेटवर लिहिली.

साक्षीदार असा हवा की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. माझ्या ओळखीत तशा फक्त चेटरबाई निघाल्या. गोळी मारण्याआधी मी त्यांच्यापुढे कागद धरला. "बाई, सही तेवढी हवी. साक्षीदाराने वाचलंच पाहिजे असं नाही."

"मी न वाचता फुकटच्या कॅलेंडरवरसुद्धा सही करत नाही," त्या म्हणाल्या, आणि चष्मा लावून मोठ्याने वाचू लागल्या. माझ्या मदतीला आलेले रास्ककाका तेव्हा शंभर यार्डांवर कागद टाचत होते. भावोजी मात्र माझी फजिती पाहायला मुद्दाम आले होते.

"अरे वा! रायफल मला?" भावोजी म्हणाले. "मग जपून हं, वैद्यबुवा. म्हणजे, फार जपू नका."

रास्ककाका परत आल्यावर त्यांना कलम दोन सांगितले. "माझंच प्रेस मला? नको बाबा, मोठ्या मुश्किलीने खपवलंय," ते म्हणाले. हक्क सोडल्यामुळे तेही साक्षीदार झाले. त्यांनी वाचले नाही.

मग मी पोटावर आडवा झालो, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकली आणि पाच गोळ्या मारल्या. मेलो नाही. पण दोन बाहेर, तीन आत. आम्ही कागदापाशी गेलो. चेटरबाईंनी नाणे ठेवले, सरकवले, पुन्हा ठेवले. "नाणं नको, थाळी आणू का?" भावोजी म्हणाले.

परत येऊन मी सळई आणि चिंध्या काढल्या.

"थांब," चेटरबाई म्हणाल्या. "हे तर तू लिहून आणलं होतंस. दोन बाहेर, तीन आत. एमेट, ऐक." आणि त्यांनी कलम तीन पुन्हा वाचले, खोळीसकट.

रास्ककाकांनी तोंडातली तंबाखू थुंकली. "एकतीस वेळा? आणि दर वेळी धुवून?"

"पांढरी चिंधी येईपर्यंत," मी म्हणालो.

"माझ्यासमोर तर कधी धुतली नाहीस."

"घरी धुतो. सगळ्यांसमोर बरं दिसत नाही. आज दोन फेऱ्या, म्हणून इथं."

"अरे देवा! नळी आहे ती, चर्चमधला पवित्र पेला नाही! धुतलेल्या नळीतून पहिल्या दोन गोळ्या नुसत्या अंग मळवायला जातात, मग कुठे ती ठिकाणावर येते. तू तिला आंघोळ घालतोस, आणि ओळख होते न होते तोच पुन्हा आंघोळ!" त्यांनी माझ्या हातातली सळई घेतली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले.

मी चिंध्या खिशात घातल्या. नळी मळलेली होती आणि मी तिच्यात काडतूस घालत होतो. असे आयुष्यात केले नव्हते. नळी निवण्यासाठी दहा मिनिटे थांबू दिले एवढेच.

नव्या कागदावर पहिली गोळी. दुसरी. दुर्बिणीतून पाहिले तर भोक एकच, जरा लांबट. तिसरी, चौथी. भोक फार वाढले नाही. पाचवीला दुर्बिणीतली फुली भोकावर ठरेना.

भावोजी हळूच म्हणाले, "आजच कपाटात जागा करतो मी."

तेव्हा मला आठवले की कागदावर सह्या झाल्या आहेत, शाई वाळली आहे, आणि मी या क्षणी गेलो तर कलम एक लागू आहे. फुली ठरली. गोळी सुटली.

चेटरबाई चालत गेल्या. आम्ही मागे. त्यांनी नाणे ठेवले आणि बराच वेळ वाकून पाहिले.

"भोकाचा काठ नाण्याच्या काठाला लागलाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे बाहेर?" भावोजींनी विचारले.

"लागलाय म्हणाले. बाहेर असता तर बाहेर म्हणाले असते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सोमवारी ये. ओढ्याकाठच्या घरात यंत्र नाही हं. कपडे हातानं धुवावे लागतील."

म्हणून पुढील बदल करतो. कलम १ रद्द. रायफल जोलीनताईला, ती तिला हात लावणार नाही, म्हणजे रायफल जशीच्या तशी राहील. नळी केव्हा पुसायची ते रास्ककाका सांगतील. भावोजींना सळई द्यावी. रास्ककाकांच्या बुडाखाली ती वाकली आहे. प्रेस आणि काटा माझ्या पहिल्या मुलाला किंवा मुलीला. अजून लग्न नाही, पण घर मिळाले आहे. वह्यांत बत्तिसावे निशाण चिकटवावे आणि त्या भावोजींना जरूर दाखवाव्यात. कलम ४ कायम.

साक्षीदार, दोन्ही वेळा:
लव्हॉन चेटर (वाचून सही केली)
एमेट रास्क (न वाचता)

लिहून देणार: ऑरिन शेफ्लर
मुक्काम चेटरबाईंचे कुरण, केटल बट, दिनांक १४ मे २०११

सोबत, माझ्यामागे घोळ नको म्हणून, हिशेब. घरी भरलेले काडतूस विकतच्यापेक्षा स्वस्त पडते म्हणून हा उद्योग सुरू केला होता.

खर्च: रायफल ७४० डॉलर, दुर्बीण २१०, प्रेस व काटा यांपैकी दिलेले २०, दारू, ठिणगीच्या टोप्या, गोळ्या व कवचे १८४.५०. एकूण ११५४.५०.

देणे: रास्ककाका ४० डॉलर. ताई, उशीची खोळ, ८ डॉलर. चेटरबाई, दहा सेंट. ते नाणे निशाणावर होते, आता माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. एकूण ४८.१०. पैकी ४८ डॉलर पहिल्या पगारातून देईन. दहा सेंट फेडण्याचा माझा विचार नाही.