कुणाला खाली न उतरवता

पनवेल, मंगळवार, संध्याकाळ

आज कोन गावात ट्रकवाल्यांची सभा होती. डिझेल सोडून विजेवरचे ट्रक घ्यायला मदत कशी द्यायची, त्या धोरणाचा मसुदा आमची संस्था करतेय. पत्रक माझं. आठवडाभर घासून लिहिलेलं. मथळा, ‘न्याय्य संक्रमण’. न्हावा शेव्याला कंटेनर नेणारे एक काका पुढेच बसले होते. म्हणाले, "संक्रमण? म्हंजे परत मास्क लावायचा काय, ताई?" सगळा हॉल हसला. मीही हसले, दात दाखवण्यापुरती.

मग मानसी उठली. माझ्या मागून नोकरीला लागलेली मानसी! म्हणाली, "गाडी बदलायची, पण कुणाला खाली न उतरवता." झालं. टाळ्या. साहेबांनी ते लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं. संस्थेतून एकीलाच परदेशातल्या परिषदेला पाठवणार आहेत; आता तीच जाणार, मला काय कळत नाही?

कुणाला खाली न उतरवता. मला का नाही सुचलं? वाचते मी, रील्स बघते ती.

मग काकांनी तिलाच विचारलं, "पन बँक आमाला कर्ज देनार हाय का? मोठ्या मालकांना कुनीबी देतं. माझा एकच ट्रक हाय, तोबी जुना." मानसी नुसती माझ्याकडे बघत राहिली. खोटं कशाला लिहू, इतकं बरं वाटलं मला!

घरी चहा घेताना उमगलं, ती माझ्याकडे का बघत होती. मसुद्यातला कर्जाचा भाग मी लिहिलाय. एकच ट्रक असलेला माणूस त्यात कुठेच नाही. त्याला मीच खाली उतरवलंय.