बांधावर उभे होतो

२ नोव्हेंबर, रविवार

आलो बुवा एकदाचा पनवेलला. टेम्पोवाल्याने कपाटाची एक काच फोडली, पण ते कपाट मला कधीच आवडलं नव्हतं, त्यामुळे राग आला नाही. पाचवा मजला, बाल्कनीतून थेट खाडी. अकोल्याच्या माणसाला घरबसल्या एवढं पाणी म्हणजे चैनच. सकाळी बघितलं तेव्हा नुसता करडा चिखल, दूरवर तिवरांची झाडं आणि बगळे. सामान लावून जेवायला बसलो, पुन्हा बाहेर नजर टाकली तर चिखल नाहीच, सगळीकडे पाणी. कोणीतरी मैदान गुपचूप उचलून नेल्यासारखं वाटलं. बायकोला, रेवाला, फोनवर दाखवलं. तिला सहामाही परीक्षेचे पेपर तपासून, रजा मंजूर करून घेऊन यायला अजून तीनेक आठवडे लागतील. तोवर पडदे लावू नकोस, रंग मी निवडणार, असं बजावलं तिने.

समोरच्या फ्लॅटमधले सत्यजीत स्वतःहून चहा घेऊन आले. बायको दमयंती, मुलं नाहीत. मोकळा माणूस. दूधवाला, गॅसवाला, इस्त्रीवाला सगळ्यांचे नंबर दिले आणि सोसायटीच्या ग्रुपवर घेतलं. लगेच बावीस जणांनी फुलांचे गुच्छ पाठवले.

५ नोव्हेंबर, बुधवार

उरणच्या ऑफिसात रुळतोय. कंटेनरची कागदपत्रं तपासायची, म्हणजे अकोल्यात जे करत होतो तेच, फक्त इथे खिडकीतून क्रेन दिसतात. परतताना करंजा बंदरावरची सुकी सुरमई घेतली. घरभर वास सुटला. रेवा येईपर्यंत हे सुख भोगून घ्यावं.

संध्याकाळी सत्यजीतबरोबर खाडीच्या बांधावर फेरी. वरून वैमानिकांच्या सरावाचं छोटं विमान घरघरत गेलं, पतंगाएवढं. सत्यजीत म्हणाले, इथे रोजचंच आहे, चार दिवसांनी तुम्ही मान वर करणंही सोडाल.

८ नोव्हेंबर, शनिवार

 आज घडलेलं क्रमाने लिहितो.

जेवणाच्या आधी विमानाचा आवाज मध्येच तुटला. बाल्कनीत आलो तोवर ते खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, पडलेलं होतं. नाक चिखलात, शेपूट वर, एक पंख बाजूला. आग नाही, धूर नाही. सगळी सोसायटी बांधाकडे धावली, मीही. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं होतं, पण विमानापाशी अजून चिखलच होता.

आत एक मुलगी होती. शिकाऊ वैमानिक. जिवंत. काच फुटली होती, त्यामुळे कमरेपासून वरची स्पष्ट दिसत होती. कपाळावर रक्त. पट्टा सोडवायचा प्रयत्न करत होती, मग थांबायची आणि आमच्याकडे बघायची. सत्यजीतने फोन काढला. मग सगळ्यांनीच. मीसुद्धा. अग्निशमन दलाला कोणीतरी कळवलं होतं, ते निघाले होते, आणि त्या चिखलात पाऊल टाकलं तर माणूस मांडीपर्यंत जातो असं सगळे म्हणत होते. ते खरंही असेल.

कोळीवाड्यातला एक म्हातारा, काशिराम, तेवढा उतरला. पुढे फळी टाकत, पोटावर सरकत तिच्यापर्यंत पोचला. कमरेला दोर होता. तिला धरून त्याने बांधाकडे तोंड केलं आणि ओरडला, "दोर वडा कोनीतरी. मी धरलंय हिला. चार जन लागा."

दोराचं टोक माझ्या बुटाजवळ पडलं होतं. मी पाय बाजूला घेतला. कोणाला तरी ते उचलायला जागा मिळावी म्हणून, असं तेव्हा वाटलं.

कोणी उचललं नाही. पाणी आलं. ते येताना आवाज करत नाही. म्हाताऱ्याच्या छातीला लागलं तेव्हा तो मागे फिरला, दोर ओढायला माणसं आणायला. बांधावर चढून तिथेच पडला. बंब आला तेव्हा विमानाची शेपूट तेवढी दिसत होती.

व्हिडिओ रेवाला पाठवला. तिचं उत्तर आलं, तू तिथे होतास? मग तू काय केलंस?

९ नोव्हेंबर, रविवार

मुलीचं नाव अनुष्का. नाशिकची. सत्यजीतचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. वाहिनीवाले आले होते. त्यांच्यासमोर बोलताना सत्यजीत रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. काशिरामला ताप भरलाय म्हणे.

रेवाला फोन केला. पेपर तपासायचेत म्हणून तिने लगेच ठेवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जेवताना उगाच व्हिडिओ उघडला. पाणी जास्त आहे. मी चित्रण थांबवलं तेव्हा ते तिच्या कमरेपर्यंतही नव्हतं, मला नीट आठवतं. आता सुरुवातीलाच कमरेच्या वर आहे.

सत्यजीतना विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि मग स्वतःचा फोन दाखवला. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो, पण त्यांच्या व्हिडिओत पाणी तिच्या हनुवटीला लागलंय. रोज चढतंय, म्हणाले. दमयंती बांधावर नव्हती, तिला दाखवलं तर पहिल्यासारखंच दिसतं. बी विंगमधली भाविका त्या दिवशी बांधावर होती, तिला दिसतं. ती माहेरी विचुंब्याला निघून गेली.

आणखी एक गोष्ट. गर्दीच्या गोंगाटात तेव्हा ऐकू आलं नव्हतं, आता येतं. विमानातली ती मुलगी विचारते, "कोणी येतंय का?"

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सत्यजीत गेले. भर दुपारी, जेवून सोफ्यावर पडले असताना. दमयंती स्वयंपाकघरात होती. तिने पाण्यात गुदमरल्याचा आवाज ऐकला आणि धावली, तोवर संपलं होतं.

डॉक्टरांनी आधी हृदयविकार म्हटलं, मग शवविच्छेदनाला पाठवलं. फुप्फुसात खारं पाणी निघालं. सोफा कोरडा होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अंत्यविधी झाला. दमयंती मला बाजूला घेऊन म्हणाली की त्यांच्या नखांत करडा चिखल होता, घासून निघाला नाही. उजव्या मनगटावर चार बोटांचे वळ होते. त्यांनी हात सोडवून घ्यायची धडपड केलेली असावी, कारण कातडी सोलली होती. तिने मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही दोघं तिथे होतात. हे कोणी केलं?" मी माहीत नाही म्हणालो.

घरी आल्या आल्या व्हिडिओ काढून टाकला.

१६ नोव्हेंबर, रविवार

विजेच्या मीटरचा फोटो काढायला कॅमेरा उघडला. मीटर दिसलाच नाही. खाडी दिसली. विमान. तिने पट्टा सोडवलाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला गेलो नाही. अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात पन्नाशीचे एक गृहस्थ, चपला आधीच काढून ठेवलेल्या. अनुष्काचे वडील, विश्वजीत. घरोघरी जाऊन ज्यांनी ज्यांनी चित्रण केलं त्यांना भेटत होते. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. राग असता तर बरं झालं असतं.

म्हणाले, "सगळ्या व्हिडिओंत तिचे ओठ हलताना दिसतात. आवाज कुणाच्यातच नाही. तुमच्यात असेल तर मला ऐकायचाय. तिची आई रोज विचारते."

काढून टाकलाय म्हणणार होतो, पण त्यांनी हात पुढे केला आणि मी फोन दिला. व्हिडिओ परत जागेवर होता. त्यांनी लावला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. त्यांना मुलगी विमानात बसलेली दिसत होती, ते बोटाने तिच्या कपाळावरचं रक्त पुसल्यासारखं करत होते. मला विमान रिकामं दिसत होतं. ती अलीकडे उभी होती, छातीभर पाण्यात, केस चेहऱ्याला चिकटलेले, आणि अगदी स्पष्ट विचारत होती.

"काय म्हणतेय ती? तुम्ही तिथे होतात."

मी म्हणालो, "वारा होता हो. काही ऐकू येत नव्हतं."

त्यांनी माझे आभार मानले. चपला घालताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कोळीवाड्यात गेलो. काशिराम खाटेवर पडून होता, ताप उतरलेला पण नजर छपराला. त्याची बायको जनी दारातच उभी राहिली.

"आता कशाला आलाव? त्याचा पन विडिओ काडायचा हाय?"

मी फोन खिशातून काढून तिच्या उंबऱ्यावर ठेवला. तो बघून ती आणखीच चिडली, पायाने बाजूला सारला. पण काशिरामने मला आत बोलावलं. ती मुलगी त्याला दिसते का, असं विचारलं. 

"दिसत नाय," म्हणाला. "माज्या हातात तिचा हात होता. मी तिला बोललो, दोर खेचतील, ती मानसं हायेत ना तिकडं. मग सोडून आलो. ती माज्याकडं येत नाय. मी सांगितल्यालं तिकडं जात असंल."

जनीने त्याच्या अंगावर गोधडी ओढली आणि मला फोन उचलून जायला सांगितलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोन बांधावरून खाडीत फेकला. जवळ कोणी नव्हतं. पडल्यावर बुडबुडे आले नाहीत.

विचुंब्याहून बातमी आली. भाविका. बाळंतीण बहिणीच्या खोलीत तिच्याशी गप्पा मारत असताना गेली. खारं पाणी.

दमयंतीच्या फोनवरून रेवाला सांगितलं की येऊ नकोस. कारण विचारलं तिने. मी फोन ठेवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नळाला खारं पाणी. खालच्या मजल्यावर विचारलं, त्यांचं गोड आहे.

दुपारी भरतीच्या वेळी दिवाणखान्यात फरशी ओली झाली. पुसली. पुन्हा ओली. ओहोटी लागताच आपोआप सुकली, वर चिखलाचा पातळ थर.

दुपारनंतर अकोल्याची बस पकडायला पनवेल स्टँडवर गेलो. फलाटावर उभा होतो. बुटात पाणी भरलं. आजूबाजूला सगळं कोरडं, लोक माझ्या पायांकडे बघत होते. एकाने फोन काढला. परत आलो. जिथे जाईन तिथे ती येणार असेल तर रेवाच्या दारात तिला कशाला न्यायची.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उधाणाचे दिवस आहेत, पाणी गुडघ्यापर्यंत आलं. भिंतीवर रेघ उमटलीय. दमयंतीला बोलावून दाखवलं. ती कोरड्या पायांनी खोलीभर फिरली. तिला चिखलाचा वास मात्र आला. रडायला लागली.

विश्वजीतांना तिच्या फोनवरून फोन केला. सांगून टाकलं. वारा नव्हता. ती विचारत होती, कोणी येतंय का. आणि दोर माझ्या पायाशी होता, तेही सांगितलं.

 ते म्हणाले, तिच्या आईला एवढं ऐकू दे, दोराचं नको. आणि फोन ठेवला.

वाटलं होतं, याने काही —

नाही. बाल्कनीच्या कठड्यावर ओल्या हाताचे ठसे आहेत. बाहेरच्या बाजूने.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रेवा निघालीय. दमयंतीने आता येऊन सांगितलं. माझं न ऐकता काल रात्रीच बस पकडली तिने.

दार उघडून ठेवावं की —

*

भरती लागली. पाणी ओट्याच्या खाली. मी ओट्यावर. दार फुगलंय, ओढून बघितलं, हलत नाही.

बेल. रेवाच. हाका मारतेय. मी उत्तर दिलं, तिला ऐकू जात नाहीये बहुतेक.

लिफ्टचा आवाज. माणसं जमलीत बाहेर. कोणी म्हणतंय, पोलीस येऊ द्या. कोणी म्हणतंय, हात लावू नका. सत्यजीतचं झालं तेव्हापासून सगळे — फक्त एकाच माणसाचे धक्के बसताहेत दाराला. तिचेच.

*

ती मुलगी आत आलीय. बाल्कनीच्या दारात. गळ्यापर्यंत पाण्यात. लहान आहे हो. व्हिडिओत एवढी लहान वाटली नव्हती. दात वाजताहेत थंडीने.

ओट्यापाशी आली. हात पुढे केलाय.

सत्यजीतने हात सोडवून घेतला होता. म्हणून ते —

ती मारायला आलेली नाही. तिला वर यायचंय.

*

धरला. डाव्या हाताने. बर्फासारखा. ओढतोय. ती येतेय, थोडी — पण खालून चिखल ओढतो तिला. फार ओढतो. एकट्याला झेपत नाही. पाय सरकताहेत ओट्यावरून —

रेवा, त्यांना सांग, दार — दोघं-तिघं जरी — मला मागून फक्त ध