वरातीसाठी लांब गिअर

१८ ऑगस्ट, रविवार
उरोशचं लग्न ठरलं! बायकोचा एकुलता एक भाऊ. म्हणजे वरातीचा झेंडा माझ्याकडे. बहिणीच्या नवऱ्याने झेंडा धरायचा, त्याची गाडी सगळ्यांच्या पुढे, आणि झेंड्याला ओव्हरटेक करायचं नाही. मोठा जावई मीच. प्रश्नच नाही.

संध्याकाळ
प्रश्न आहे. बायको विदा म्हणाली, रादोये, तुझी जुनी यूगो गाडी महामार्गावर ऐंशीच्या वर गेली की शेजारी बसलेल्याला स्वतःचं नाव ऐकू येत नाही. झेंडा मोमिरला द्यावा असं उरोशच्या मनात आहे. मोमिर म्हणजे माझा साडू. जर्मन गाडी. परवाच्या बारशात सगळ्यांसमोर म्हणाला होता, हे इंजिन आहे की कॉफी दळायची गिरणी? तेव्हा मीही हसलो.
उरोशला फोन केला. म्हणाला, बघू दाजी, लग्नाच्या आधीच्या रविवारी चक्कर मारून ठरवू.

१९ ऑगस्ट
दाढी करताना दोष सापडला. इंजिन उत्तम आहे, गिअर चुकीचे आहेत. गिअरबॉक्सच्या शेवटी चाकं फिरवणारी दातेरी चक्रांची एक जोडी असते, फायनल ड्राइव्ह. माझी आखूड. म्हणून इंजिन उगाच धापा टाकतं. लांब जोडी टाकली की वेग तोच, आवाज निम्मा. परदेशी पाठवलेल्या यूगोंमध्ये असायची. आठवड्याचं काम. आजपासून सिगारेटही बंद.

२५ ऑगस्ट
सगळे भंगारवाले पालथे घातले. एका ठिकाणी योग्य गिअरबॉक्स होता, त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक म्हणाला, पिल्लं निघाली की ये.
सिगारेट फक्त भंगारात ओढतो. तिथे वास फार.

१ सप्टेंबर, रविवार
जोडी मिळाली! जुन्या बाजारात, ताडपत्रीवर, दाराच्या कड्या आणि कपबशांच्या मधोमध. दात मोजायला बसलो तर म्हातारा तडकला, आईची शपथ, लांबच आहे, मी काय तुला डेंटिस्ट दिसतो? मग त्यानेच राकियाची बाटली काढली. तरी मोजले. पहिल्यांदा एक आकडा, दुसऱ्यांदा दुसरा. तिसऱ्या वेळी बरोबर आला.

३ सप्टेंबर
ग्वोझ्देन मिस्त्री म्हणतो, आत्ता आलुबुखार पिकलेत. आधी त्यांची राकिया गाळायची, मग गिअर. तुला घाई असेल तर तोडायला ये.

११ सप्टेंबर
अजून झाडं हलवतोय. कंबर गेली. मिस्त्री खाटेवर बसून सांगतो, ती वरची फांदी राहिली. विदा विचारते, गाडी कुठाय? म्हटलं, काम चालू आहे. खोटं नाही.

१५ सप्टेंबर, रविवार
जोडी बसली! उरोशला महामार्गावर नेलं. एकशेवीस! रेडिओवरच्या बातम्या ऐकू आल्या. म्हणाला, मानलं दाजी, झेंडा तुमचा. मोमिरला मी स्वतः फोन करून कळवलं, त्याला वाईट वाटू नये म्हणून.
पहिल्या गिअरला गाडी जरा थरथरते, क्लच अर्धा धरून ठेवावा लागतो. राजेशाही चाल. घराजवळच्या चढावर जळका वास आला. दिवस ऐवार चटणीचे आहेत, शेजारी लाल मिरच्या भाजत असणार.

२२ सप्टेंबर, रविवार, सकाळ
झेंडा गाडीला बांधला. गाठ अशी मारली की वादळातही सुटणार नाही.

२३ सप्टेंबर
महामार्ग झकास. मोमिर पूर्ण वेळ मागे.
मग नवरीचं गाव. चर्च टेकडीवर. पायथ्याशी तुतारीवाले उतरले आणि वाजवत पुढे चालू लागले. ते नेहमी चालतातच. मला माहीत होतं. मी फक्त महामार्गाचाच विचार करत राहिलो.
माणसाच्या चालीने चढ, आणि लांब गिअरमुळे क्लच पूर्ण वेळ अर्धा धरलेला. मागच्या सीटवर सासरे आणि दोन भरभक्कम मावश्या. वास आला. म्हटलं, मिरच्या भाजतायत. थोरली मावशी म्हणाली, कुठे रे, इथे एक घर तरी आहे का? मग इंजिन किंचाळलं, चाकांपर्यंत जोर पोचेना, गाडी मागे सरकू लागली. हँडब्रेक ओढला. क्लच जळून गेला होता.
मागे अख्खी वरात थांबली. पुढे जाणार कोण, झेंडा माझ्याकडे! तुतारीवाले एकटेच वाजवत वर पोचले.
उरोश आला. ओरडेल असं वाटलं. हळूच म्हणाला, दाजी, झेंडा द्या, ती वर वाट बघतेय. गाठ सुटेना. मोमिरने खिशातला चाकू दिला, कॉफीच्या गिरणीचा विषय न काढता. काढला असता तर बरं झालं असतं.
सासरे आणि मावश्या मागच्या गाड्यांमध्ये बसले. विदा मोमिरशेजारी बसली, झेंडा खिडकीतून बाहेर धरून. एकेक गाडी मला ओलांडून गेली. माझ्याशेजारी आल्यावर सगळ्यांनी हॉर्न बंद केले.
लाज वाटली. फार लाज वाटली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून प्रत्येक गाडीला हाताने खूण करत होतो, चला, पुढे चला. शेवटची गाडी गेल्यावरही थोडा वेळ करत होतो.