रस्त्याकडची खोली

मी, गयासुद्दीन वल्द करीमुद्दीन, वय एक्क्याऐंशी, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार जुने शहर, अकोला, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही धाकात नसून (सुनेचा सोडून), हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. चांदूर बाजारच्या शाळेत जन्मभर मुलांकडून कविता म्हणवून घेतल्या. एखाद्या कलमात यमक जुळलेच, तर न्यायालयाने क्षमा करावी.

कलम १. माझा मुलगा मोईज आणि मुलगी गुलनार यांना शरियतप्रमाणे जे मिळायचे ते मिळेलच. वारसांना त्यापलीकडे काही लिहून देण्याचा अधिकार मला नाही. बरेच झाले. नाहीतर दोघेही माझ्याशी उगाच गोड बोलत राहिले असते.

कलम २. मोईजची पत्नी लुबना ही कायद्याने माझी वारस नाही. म्हणूनच तिला देता येते. मात्र मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच. घराची रस्त्याकडची खोली मी तिला देत आहे.

त्या खोलीत तिचे प्रकाशन चालते. शुक्रवारी गल्लीतले पुरुष जुम्म्याच्या नमाजला गेले, की बाया आपले लिखाण घेऊन येतात. बुरखे खुंटीवर, चपला दारात, आणि एकमेकींच्या कथांची अशी चिरफाड, की मी मशिदीतून मुद्दाम सावकाश परततो. लग्नघरी बाया मराठी-उर्दू मिसळून जी गाणी म्हणतात, त्यांवर लुबनाने अमरावतीला पीएच.डी. केली. मग त्या गाणाऱ्यांनाच लिहायला बसवले. आता त्या थांबत नाहीत.

मोईजचे म्हणणे वेगळे. "अब्बा, मोबाइलवाला ही खोली भाड्यानं मागून राहिला. हिची पुस्तकं माळ्यावर बी होतात."

"आन् गुडघे दुखणाऱ्या खाला-मावश्या शिडी चढतीन?" लुबनाने विचारले. "तुमी खांद्यावर घेऊन जासान का?"

यावर मोईजने चहा मागितला.

कलम ३. माझ्या कविता. एकदा मोठ्या आशेने हस्तलिखित लुबनाला दिले होते. ते साभार परत आले. एकाच घरात, तेही टपालाने! सोबत शेरा: "अब्बा, मोर्णेत एवढं चांदणं कुठून आलं? तिथं तर जलकुंभी आहे." मी आठवडाभर रुसलो. नंतर नदीवर जाऊन पाहिले. जलकुंभीच होती, हिरव्या पानांखाली पाणी दिसेना. तरी माझ्या लहानपणी तिथे चांदणे पडत असे, हे मी या कायदेशीर दस्तऐवजात नोंदवून ठेवतो. मी गेल्यावर दया म्हणून कोणी या कविता छापू नयेत. कागद पाठकोरे आहेत, लुबनाने त्यांवर प्रूफे काढावीत.

कलम ४. अमरावतीच्या एका साहित्यसभेत एका गृहस्थांनी लुबनाची ओळख "मुस्लिम असूनही किती शुद्ध मराठी!" अशी करून दिली होती. ती हसून म्हणाली, "तुमचंही बरं आहे." त्या गृहस्थांना मी माझे चौथीचे वाचनपुस्तक देतो. सराव चालू ठेवावा.

कलम ५. माझा चष्मा आणि छत्री मित्र देवीदासला. याआधीची कलमे ऐकून तो म्हणाला, "मास्तर, हे मृत्युपत्र हाये का वर्गातला तास?" छत्री देण्याचा फेरविचार चालू आहे.

येथवर लिहून मी आज सर्वांना वाचून दाखवले. माझी विद्यार्थिनी गीतांजली आता वकील आहे. ती म्हणाली, "सर, खोली रस्त्याला लागून आहे. किंमत तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेली, तर तुमच्या मागं गुलनारताईंची आणि मोईजभाईंची संमती लागेल."

सगळ्यांनी मोईजकडे पाहिले. मोईजने छताकडे पाहिले.

"मग मरायची वाट कावून पाहता?" गीतांजली म्हणाली. "हिबा करा. जिवंतपणी बक्षीस. तुम्ही दिलं म्हणा, तिनं कबूल म्हणावं, आणि ताबा देऊन टाका."

माझ्याच घरचा कायदा मला चांदूर बाजारच्या पोरीने शिकवावा! मी तिथेच म्हणालो, "दिली."

"कबूल," लुबना म्हणाली. मग मोईजकडे वळून, "निकाहात बी मी इतक्या लवकर म्हटलं नव्हतं."

राहिला ताबा. त्या खोलीत माझी दुपारच्या झोपेची खाट होती. ती आतल्या खोलीत नेणे भाग पडले. एका बाजूने देवीदास, दुसऱ्या बाजूने खुद्द मोईज. दारात खाट अडकली तेव्हा मोईजच म्हणाला, "काका, जरा आडवी करा, तिच्या पुस्तकांले लागन."

जेवल्यावर सवयीने मी पुन्हा त्या खोलीशी गेलो. दार लोटलेले होते. लुबनाने ते अर्धवट उघडून विचारले, "अब्बा, काही काम होतं का?"

एवढ्या वर्षांत या घरात मला हे कोणी विचारले नव्हते.

"सर," मागून गीतांजली म्हणाली, "ताबा पूर्ण झाला."

सबब कलम २ रद्द. ती खोली आता माझी नाही. बाकी कलमे कायम.

स्थळ: अकोला, आतली खोली
दिनांक: १८ जानेवारी २०२५

(सही) गयासुद्दीन वल्द करीमुद्दीन

आमच्यासमोर सही केली, तीही हसत:
१. देवीदास सूर्यभान इंगळे (छत्री मिळो न मिळो)
२. ॲड. गीतांजली देवमन वानखडे