टप खाली करून

अहो,

कापडी टपाची डावी कडी निघत नाहीये. हातोडी बाजूला ठेवली आणि तुमच्या जीपच्या बॉनेटवरच कागद पसरला. उद्या खंडेनवमी. पूजा झाली की पुण्याचा माणूस येऊन ही गाडी घेऊन जाणार. आपल्या लेकानं, विजूनं ठरवलंय. मला आज दुपारी कळलं!

शेजारी त्याची नवी पिकअप उभी आहे. खोटं कशाला बोलू, चांगली आहे. किल्ली फिरवली की चालू होते. आल्याची पोती भरून घाट चढते आणि आतल्या माणसाला घामही येत नाही. आपली? पाऊस आला की टप चढवेपर्यंत आपण भिजलेले.

पण पिकअपच्या काचा वर असतात. कोरेगावच्या बाजारात कुणी हाक मारली तर विजूला ऐकू येत नाही. तुम्हाला माझ्या माहेरी आष्ट्याला जाईपर्यंत किती हाका! "काय सुभेदार, वैनीला घिऊन निघालासा व्हय?" प्रत्येकाला उत्तर द्यायचात. आपण कधी वेळेवर पोचलो का?

पहिल्यांदा मला पुढं बसवलंत आणि डोक्यावरचा पदर उडाला. मामंजी संतापले. तुम्ही म्हणालात, "आबा, पदर वाऱ्यानं उडवला. वाऱ्याला बोला." पुढं स्टिअरिंगच माझ्या हातात दिलंत.

आज वन्सं म्हणाल्या, "वैनी, औंदा तुमी ओवाळू नगा. सुनंला ओवाळू द्या. सवाष्णीचं काम हाय."

"गाडी काय माझं कपाळ बघून चालू हुती व्हय, वन्सं?"

ताट उचलून त्या आत गेल्या.

विजू म्हणतो, "नानाच म्हणालं हुतं, माझ्यामागं इकून टाक."

खरं आहे हे? दवाखान्यात मी तुमच्या उशाशीच होते ना? चालवायला मला शिकवलंत आणि विकायचं त्याला सांगितलंत! मला एकदा विचारायचंत. तुमचा शब्द आजवर मोडला नाही. हा मोडणार आहे.

उद्या दोन्ही गाड्यांना मीच ओवाळीन. पिकअपला आधी, ती घरात नवी आहे. मग टप खाली करून आपली गाडी रस्त्यावर काढीन. पदर उडाला तर उडू दे.

तुमचीच,
शालन

ता. क. आज सकाळी दोन्ही गाड्यांना ओवाळलं. आपली गाडी चालू झाली नाही. विजूला म्हटलं, पिकअपला दोर बांध. त्यानं दोराला हात लावला नाही. सुनेनं दोर बांधला, तेव्हा तो जाऊन पिकअपमध्ये बसला. पारापर्यंत ओढत नेल्यावर मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिनानं धरलं. सुनेनं पिकअपमधून उतरून दोर सोडला. पुण्याचा माणूस तिथंच उभा होता. त्याला हात केला आणि आष्ट्याच्या रस्त्याला लागले.