मांडीच्या विरोधात एक भाषण

वाटूर, तालुका परतूर, जिल्हा जालना
संक्रांतीनंतरचा गुरुवार

सौ. उषाबाई यांस,

सत्यशीलाचा जयभीम. आपण रामराम घातला असेल असं धरून चालते आणि तो इथूनच स्वीकारते. आपली प्रकृती, आपल्या लेकीची प्रकृती आणि विशेषतः त्या तान्ह्या बाईसाहेबांची प्रकृती उत्तम असावी. माझीही उत्तम आहे. गुडघे त्यांच्या मताने चालतात, मी माझ्या मताने, पण आमचं निभतं. (‘आपण’ वाचून हसू नकोस. इतकी वर्षं तुला ‘अगं उषे’ म्हणत आले, पण दिवाळीपासून तू माझा फोन उचलत नाहीस, आणि फोन न उचलणाऱ्या माणसाशी आदराने बोलावं लागतं. निदान एक परिच्छेद हा आदर पाळायचा असं ठरवलं होतं. तेवढंही जमलं नाही.)

हे पत्र अर्पिताच तुला वाचून दाखवणार, कारण तुझा चष्मा कायम दुसऱ्या खोलीत असतो. अर्पिता, बाळा, आईने ‘पुरे’ म्हटलं तरी थांबू नकोस. आणि उषे, आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. माझं म्हणणं बराबर होतं, आजही आहे. फक्त माझ्या गाडीत माझ्या शेजारची जागा तू निघून गेल्यापासून रिकामी आहे, आणि बराबर असलेल्या माणसालाही रिकाम्या जागेशेजारी बसून गाडी चालवायला करमत नाही, एवढंच कळवायचं आहे.

तर गाडी. तुला सगळं माहीत आहे, पण मला सांगायला दुसरं कुणी नाही, आणि मी कुठलीही गोष्ट मुळापासून सांगते. पुण्याच्या माझ्या लेकाने, सूरजने, येतो येतो म्हणत एकेक सण पुढे ढकलला आणि शेवटी स्वतःच्या जागी गाडी पाठवून दिली. निवृत्त शिक्षिकेने साठीनंतर गाडी शिकावी, यावर गावाने आधी हसून घेतलं आणि मग घाबरून रस्ता मोकळा करून दिला. गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, पेन्सिलने खुणा केल्या, दोन ठिकाणी समासात मतभेद नोंदवला. (जन्मभर जे हाती आलं ते वाचलं, मग हीच काय वाईट?) गाडीत सहा एअरबॅग आहेत हे गावात कळलं तेव्हा सगळी आळी त्या बघायला आली. पिशव्या कुठेच दिसेनात. शेजारच्या बेबीनंदाने डिकी उघडून बघितली आणि म्हणाली, “सहा हायेत म्हन्ता, मंग एक तरी उघडून दावा की बाई!” मी तिथेच बोनेटला टेकून समजावलं, की ती पिशवी घडी घालून आत झोपलेली असते, मोठी धडक बसली तरच उठते, डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि लगेच खाली बसते. ती उशी नव्हे. ती जोरात येते, आणि तुम्ही पट्टा लावून जागेवर असलात तरच ती तुम्हाला झेलते. पट्टा नसला तर तुम्ही पुढे फेकले जाता, ती तुमच्याकडे येते, आणि मग ती झेलत नाही, हाणते. यावर बेबीनंदाचं मत पडलं, की पिशव्या राहू द्या, पट्टे तेवढे काढून टाका, साडी चुरगळते.

मग वडीगोद्रीचं लग्न आलं. आपल्याकडे एक गाडी निघाली की ती सगळ्यांची असते. मागे दोघी बसल्या की तिसरी येते, तिसरीच्या मांडीवर चौथी, खाली पोरं, आणि दार लागलं नाही तर बाहेरून कुणीतरी ढकलतं. माझ्या गाडीत पट्टे पाच, माणसं त्याच्या दुप्पट. मी दारात उभी राहून जाहीर केलं, जितके पट्टे तितकी माणसं. त्यावर बेबीनंदाने तोडगा काढला. ती आणि तिची जाऊ एकाच पट्ट्यात बसल्या, अगदी मापात, खटका लागल्याचा आवाजही आला, आणि दोघी माझ्याकडे विजयी नजरेने बघायला लागल्या. (या दोघी घरात एका ताटलीवरून भांडतात.) मी म्हणाले, धडकेत तुमची डोकी एकमेकींवर आपटतील. जाऊ म्हणाली, “आपटू द्या, तेवढंच राह्यलंय.” मी पट्टा सोडवला. तेवढ्यात मच्छिंद्रने त्याची काळीपिवळी जीप शेजारी आणून लावली आणि आवाज दिला, “चला हिकडं! बाईच्या गाडीत बसायचं म्हन्जी शाळंत बसल्यावानी हाय!” अर्ध्या मिनिटात माझी गाडी रिकामी झाली.

एकटी तू राहिलीस. पुढे बसलीस, पट्टा लावलास, पण काखेखालून. मी सांगितलं, खांद्यावरून घे, छातीच्या मध्यावरून, आणि खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसव, कारण धडकेचा जोर हाडाने सोसायचा असतो, पोटाने नाही. तू म्हणालीस, “लगीन लागेपर्यंत तरी पोचू का गं आपण?” पण घेतलास. त्यानंतर मंठ्याची सभा, परतूरची जयंती, अंबडचं महिला संमेलन, सगळीकडे आपण दोघीच गेलो. माझं भाषण लांबलं की पहिल्या रांगेत बसून तू खोकायचीस आणि मी आवरतं घ्यायचे. लोकांना वाटायचं तुला दमा आहे.

आता त्या दिवसाकडे येते. अर्पिताच्या घरी करणारं कुणी नाही, म्हणून तू बाळंतपणाला हसनाबादेत जाणार, आणि जालन्याच्या दवाखान्यातून मायलेकींना घरी मी सोडणार, हे आपलं ठरलेलं होतं. मी तयारीला लागले. बाळाची खास खुर्ची मागवली. मागच्या सीटवर ती घट्ट बसवली, हलवून बघितली, पुन्हा आवळली. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, कारण तान्ह्या लेकराचं डोकं जड आणि मान कोवळी असते. गाडी अचानक थांबली तर डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकदम खुर्चीने सावरायला हवीत. सरावासाठी मी एका दुधी भोपळ्याला टोपडं घालून त्यात बसवलं आणि फाट्यापर्यंत दोन चकरा मारल्या. (भोपळ्याने तक्रार केली नाही. संध्याकाळी त्याची भाजी केली, पण खाववेना, गाईला घातली.)

तू दवाखान्याच्या ओट्यावर आलीस, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, आणि सरळ गाडीचं पुढचं दार उघडलंस. मी म्हणाले, बाळ मागे, खुर्चीत. तू खुर्ची बघितलीस, तिचे पट्टे बघितलेस, आणि म्हणालीस, “सत्या, नातीला घरी नेऊन राह्यले मी, का तुरुंगात? चोर हाय का ती, बांधून न्यायला?” मी म्हणाले, कायदा आहे, शास्त्र आहे. तू म्हणालीस, “माझ्या मांडीवर तीन लेकरं वाढली, एकबी कदी खाली पडलं न्हाई.” खरं तर तिथे मी तुझ्याशी बोलायला हवं होतं. पण त्या ओट्याला पायऱ्या होत्या. पायरी दिसली की माझा पाय आपोआप वर जातो, हा दोष दवाखाना बांधणाऱ्याचा आहे.

उषे, काय भाषण झालं ते! “मांडी ही मायेची जागा आहे, पण मायेला ब्रेक नसतो!” अशी सुरुवात केली आणि माणसं डबे हातात घेऊन थांबली. मी सांगितलं, की गाडी थांबते पण गाडीतलं अंग थांबत नाही, ते आधीच्याच वेगाने पुढे जातं. त्या क्षणी चार किलोचं लेकरू हाताला पोत्यासारखं जड होतं आणि जगातल्या कुठल्याही आजीचे हात ते धरू शकत नाहीत. तिचं प्रेम कमी पडतं म्हणून नाही, हाडं कमी पडतात म्हणून. मी सांगितलं, की पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेतलं तर समोरून पिशवी येते, मागून आपलंच अंग येतं, आणि मधे कोण असतं? “मधे कोण असतं?” असं मी तीनदा विचारलं. एक म्हातारी रडायला लागली. कंपाउंडर बाहेर आला. एकाने कोणत्या पक्षाच्या म्हणून विचारलं. टाळ्या पडल्या. तुझा खोकला ऐकू आला नाही, म्हणून मी समजले की आज रंगतंय, आणि आणखी लांबवलं.

समारोपाला मी हात तुमच्याकडे केला, “या आजीलाच विचारा!” म्हणून, तर तिथे कुणी नव्हतं. मच्छिंद्र भाडं घेऊन जालन्याला आला होता आणि त्याची जीप फाटकातून बाहेर पडत होती. मधल्या बाकावर तू, शेजारी अर्पिता, बाळ तुझ्या मांडीवर. तू मागे वळून बघितलं नाहीस. शेदोनशे माणसं मला पटली होती, आणि ज्या एका माणसाला पटवायचं होतं ते गेलं होतं.

बारशाचं आमंत्रण आलं नाही. (आलं असतं तर तिथेही बोलले असते, हे मान्य.) नाव काय ठेवलं ते मच्छिंद्रला माहीत आहे, पण त्याला विचारायला मी तयार नाही, म्हणून सध्या ‘बाईसाहेब’ म्हणते.

इकडे नवीन काही नाही. गाडी उभी राहून खराब होते म्हणून मी गिरणीला गाडीने जाते. (गिरणी आपल्या बोळाच्या तोंडाशी आहे, ती चालत जायची जागा आहे, पण मी फाट्याला वळसा घालून जाते.) परवा ज्वारीचं पोतं पुढच्या सीटवर ठेवलं तर गाडी टीं टीं करायला लागली. तिला वाटलं शेजारी माणूस बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही. मला काय वाटलं ते सांगत नाही. मी पोत्याला पट्टा लावला, खांद्यावरून, नीट. टीं टीं थांबलं. मग फाट्यापर्यंत आम्ही ऊसदर, शाळांची पटसंख्या आणि सूरजचं लग्न यावर बोललो. पोतं चांगलं ऐकतं, मधे बोलत नाही, खोकत नाही. फाट्यावर सळयांचा ट्रक आडवा आला, मी करकचून ब्रेक मारला. मागच्या सीटवरची टोपलीतली मोसंबी सगळी पुढे आली, दोन माझ्या मानेवर बसली. पोतं जागचं हललं नाही. “बघितलंस?” मी विजयाने म्हणाले, आणि शेजारी वळले. तिथे पोतंच होतं.

असो. बाकी क्षेम. अर्पिताला आशीर्वाद, बाईसाहेबांना पापा, तुला काय ते तू ठरव.

मतावर ठाम असलेली,
सत्यशीला

ता. क. पत्राचं मुख्य कारण लिहायचं राहिलं. तुझी लोणच्याची बरणी माझ्याकडे आहे. ती पोचवायला रविवारी हसनाबादेत यावं म्हणते. कारण एवढंच आहे.

ता. क. वरचं खरं नाही. बरणी केव्हाच फुटली.

ता. क. त्या दिवशी मी ओट्यावरून उतरून घरी गेले नव्हते. तुमच्या जीपच्या मागे होते, जालन्यापासून भोकरदनपर्यंत आणि तिथून हसनाबादच्या वेशीपर्यंत. मागून कुणी येऊन तुम्हाला ठोकू नये म्हणून माझे चारही इंडिकेटर चालू ठेवले होते. (चालत्या गाडीला ते लावणं नियमात बसत नाही. माहीत आहे.) मागच्या सीटवर रिकामी खुर्ची होती. तू घरात शिरेपर्यंत वेशीवर थांबले आणि वळले. मच्छिंद्र बरा चालवतो. त्याला हे सांगू नकोस.

ता. क. गाडी चालू असेल तेव्हा बाईसाहेब खुर्चीतच बसतील, मागे, पट्टा लावून. यात मी तसूभर हलणार नाही, तू जन्मभर फोन उचलला नाहीस तरी. पण उभ्या गाडीबद्दल पुस्तिकेत काहीच लिहिलेलं नाही, मी पुन्हा तपासलं. रविवारी मी गाडी तुमच्या अंगणात लिंबाखाली लावीन, बंद करीन आणि किल्ली अर्पिताच्या हातात देईन. तू पुढे बस. नातीला मांडीवर घे, हवा तितका वेळ. मी शेजारी बसेन. कुठे जायचं नाही, आणि मी एक शब्द बोलणार नाही. बोललेच तर खोक.