काच वाहणाऱ्या पिकअपला टर्बो बसवणाऱ्यास दोषी धरण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी व नोंदणी अधिकारी,
वाहन तपासणी केंद्र, मागील आवार.

विषय : जप्त पिकअपला विनापरवाना टर्बोचार्जर बसवल्याचा ठपका वाहनमालकिणीवरून काढून खाली सही करणाऱ्यावर ठेवणेबाबत.

संदर्भ : १) आपली सुनावणीची नोटीस, जी माझ्या बहिणीच्या नावे आली आहे व माझ्या नावे यायला हवी होती.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज, जे "अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध दिसत नाही" असा शेरा मारून परत करण्यात आले.

महोदय,

मी धंद्याने वेल्डर असून सदर पिकअपच्या मालकिणीचा धाकटा भाऊ आहे. माझा या प्रकरणाशी संबंध काय, हे आपल्या कार्यालयास दोन अर्जांत कळले नाही. तिसऱ्यात कळेल असे लिहितो. शाळा मी अर्ध्यात सोडली. कार्यालयीन भाषा आपल्याच कार्यालयाच्या पत्रांवरून शिकलो आहे, तेव्हा तीत काही उद्धट वाटल्यास ते तिकडूनच आलेले समजावे.

१. सदर पिकअपमधून माझी ताई खिडक्यांच्या काचा पोचवते. हौद्यात मधोमध लाकडी घोडा आहे. त्याला दोन्ही बाजूंनी काचा टेकवायच्या, मध्ये गोणपाट घालायचे, पट्ट्याने आवळायचे. गाडी जुनी, डिझेल इंजिन साधे, दम कमी. भरलेली असली की बाजाराच्या चढावर दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. ताईला याचे काडीइतके वाईट वाटत नसे. काच नेणाऱ्याने हळूच जायचे असते. वाईट वाटायचे ते मला.

२. त्या चढावर बेकरीची व्हॅन रोज आम्हाला मागे टाकायची. तिचा ड्रायव्हर खिडकीतून डोके काढून विचारायचा, "मावशी, उतरून ढकलू का?" ताई म्हणायची, "ढकल की बाबा, तेवढंच डिझेल वाचेल." दोघे हसायचे. मी शेजारी बसून माझ्या बाजूची काच वर करून घ्यायचो आणि दुकानांच्या पाट्या वाचत राहायचो. आईच्या माघारी ज्या बहिणीने मला वाढवले, तिच्या गाडीत बसलेले कुणी बघू नये, असे मला वाटत होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. आता अर्जात लिहितो आहे, कारण तोंडी सांगितलेले चालत नाही, असे खिडकीवर सांगण्यात आले.

३. म्हणून मी भंगारातून एका मोठ्या गाडीचा टर्बोचार्जर आणला. इंजिनाचा धूर बाहेर पडता पडता त्यातला पंखा फिरवतो, आणि तो पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा वाढली, डिझेलही वाढवले, की जोर वाढतो. ताई म्हणाली, "हे कशाला रे? मला कुठे शर्यत लावायचीय?" मी म्हणालो, "तू फक्त बस गं." जोडाची पट्टी मी जाड पत्र्यातून कापली, भोके जुळवली, पाइप वळवून वेल्ड केले. ते जोड आजही पाहावेत, एकही गळणार नाही. ही फुशारकी नव्हे, पुढे हाच पुरावा म्हणून देणार आहे. चूक दुसरीकडे झाली. टर्बोला तेल लागते, आणि ते तेल परत इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरवणारी नळी सरळ उताराची हवी. तिच्या वाटेत सायलेन्सरचा पाइप आडवा येत होता. तो कापून पुन्हा वळवायचा मला कंटाळा आला. मी नळी त्याच्या वरून नेली. तेल आपण होऊन चढ चढत नाही, एवढी अक्कल मला होती. अज्ञानाचा फायदा मला देऊ नये.

४. टर्बो बसवल्यावर आम्ही काचा भरून एकदाच त्या चढाला गेलो. गाडी तिसऱ्यात गेली. बेकरीची व्हॅन मागे पडली, मी हात बाहेर काढून तिला टाटा केला. ताईने लगेच दुसरा टाकला. "काचा वाजतायत," एवढेच म्हणाली. म्हणजे ज्या जोरासाठी हे सगळे केले, तो तिने वापरलाही नाही. शहाण्या माणसाने त्याच दिवशी ते धूड काढून ठेवले असते. मी गाडी तशीच वार्षिक तपासणीला आणायला लावली. "साहेब बघत राहतील," असे मी तिला म्हणालो होतो.

५. साहेब बघत राहिले. निरीक्षकांनी धूर तपासण्यासाठी गाडी चालू ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितला. तुंबलेले तेल टर्बोतून इंजिनात शिरले आणि इंजिन स्वतःचेच तेल जाळून पळू लागले. ताईने किल्ली फिरवली, इंजिन थांबेना. निरीक्षकांनी किल्ली काढून हातात घेतली, तरी इंजिन चालूच. पांढऱ्या धुराने आवार भरले, आवाज चढत गेला. लोक पळाले. सर्वांत आधी कोण पळाले याची आपल्या अहवालात नोंद नाही, ती मी देतो. मी पळालो. आवारातल्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो आणि तिथून ओरडलो, "हवा बंद कर! तोंडावर काहीतरी दाब!" ताई खाली उतरली, बॉनेट उघडेच होते. कडेला ठेवलेले निरीक्षकांचे लिहिण्याचे पॅड तिने उचलले आणि टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरले. इंजिन गुदमरून बंद पडले. तिचा हात कोपरापाशी भाजला. पॅडवरचे कागद आत ओढले गेले, त्याबद्दल शासकीय मालमत्तेच्या नुकसानीचे वेगळे कलम तिच्यावर लावले आहे. आवार वाचवल्याचे कलम कुठे असल्यास शोधावे.

६. मग निरीक्षकांनी विचारले, "हे काम कुणाचं?" मी तोवर टाकीमागून बाहेर आलो होतो. ताईने माझ्याकडे पाहिलेही नाही. म्हणाली, "गाडी माझी, काम माझं." निरीक्षक म्हणाले, "बाई, वेल्डिंग येतं तुम्हाला?" ती म्हणाली, "आलं की." त्यांनी तसे लिहून घेतले. ते लिहीत होते तेवढा वेळ मला बोलायला पुष्कळ होता. माझे तोंड शिवलेले नव्हते. मी गप्प राहिलो.

७. त्या दिवसापासून गाडी आपल्या आवारात कुलपात आहे आणि ताईचा परवाना निलंबित आहे. सुनावणीत दोष कायम झाला, तर तो रद्द होईल असे नोटिशीत म्हटले आहे. तिला दुसरे काम येत नाही, आणि हे काम तिच्याइतके चांगले दुसऱ्याला येत नाही. सध्या ती काचेच्या दुकानात मागच्या बाजूला बसून जुन्या कागदाने काचा पुसते. मालक भला आहे, पण काचा पोचवायला त्याने दुसरी गाडी लावली आहे आणि दुसऱ्या गाडीवाल्याची सवय व्हायला वेळ लागत नाही. बेकरीचा ड्रायव्हर मला थांबवून विचारतो, "मावशी बऱ्या आहेत ना?" मी हो म्हणून चालू लागतो. घरी जेवताना ताईने हा विषय एकदाही काढलेला नाही. काढला असता तर मी भांडून मोकळा झालो असतो. ती भाजलेला हात टेबलाखाली ठेवते आणि डाव्या हाताने खाते, मला दिसू नये म्हणून.

८. आता आपल्या कार्यालयाचे. टर्बो काढून गाडी मूळ स्थितीत करू द्या, असा पहिला अर्ज केला. तो शेरा मारून परत आला, आणि खिडकीवर उत्तर मिळाले की गाडीच्या नोंदीत टर्बोचार्जर नाही, आणि जो भाग नोंदीत नाही, तो काढण्याची परवानगी देता येत नाही. मग आधी त्याची नोंद करा म्हटले, तर नोंदीसाठी गाडी तपासणीत पास हवी, आणि टर्बो निघाल्याशिवाय ती पास होत नाही. प्राधिकृत वर्कशॉपकडे गेलो. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "आम्ही बसवलेलं नाही, आम्ही काढत नाही."

मग दुसरा अर्ज केला, की निदान दोषी म्हणून माझे नाव लिहा. लिपिकबाईंनी समजावून सांगितले, "दादा, बेकायदा फेरफाराला मालक जबाबदार, नाहीतर नोंदणीकृत कारागीर. तुम्ही दोन्ही नाही. तुम्ही आमच्याकडे नाहीच." मी विचारले, मग नोंदणी करून घेतो, अर्ज द्या. त्या म्हणाल्या, नोंदणीला पूर्वी कधी दोषी नसल्याचा दाखला लागतो. म्हणजे निर्दोष ठरल्याशिवाय मला दोषी होता येत नाही, आणि एवढ्या तयारीने झालो, तरी हा दोष नोंदणीच्या आधीचा म्हणून धरला जाणार नाही. बाई स्वतःच हसल्या आणि मग गंभीर झाल्या. त्यांचा दोष नाही. ज्यांनी हा नियम केला, त्यांनी आयुष्यात एकदा तरी कुणाच्या पाठीमागे लपून पाहिले असते, तर त्यांना कळले असते की लपलेल्या माणसाला बाहेर यायलाही एखादे दार लागते. आपल्या इमारतीत ते मला सापडले नाही.

९. सबब विनंती अशी की,
सुनावणीत दोघांना वेगवेगळे बसवून वेल्डिंगचा तुकडा जोडायला द्यावा. ताईने जोडला तर तिला धरा. माझ्या हाताचा एक तुकडा सोबत देत आहे, तो गाडीवरच्या जोडांशी ताडून पाहावा.
माझाही वाहन चालवण्याचा परवाना आहे. रद्द करायचा असल्यास तो रद्द करावा, नियमात तेवढी जागा करता येईल.
पॅडची भरपाई व दंड माझ्या नावे लावावा, पोलिसात तक्रार द्यायची असल्यास तीही माझ्या नावे द्यावी.
गाडीपाशी मला एकदा पाने-पक्कड घेऊन जाऊ द्यावे, सोबत हवा तर पहारा द्यावा. दुपारपर्यंत गाडी होती तशी करून देतो.

१०. एवढे सगळे सुनावणीत तोंडी का सांगत नाही, असे आपण म्हणाल. तेच सांगायचे राहिले आहे. नोटिशीप्रमाणे ताईला पुन्हा विचारले जाईल, की हे काम तुम्हीच केले का. ती हो म्हणेल, मी तिला ओळखतो. मी त्याच खोलीत बसलेला असेन. मागच्या वेळी मी गप्प राहिलो होतो. या वेळी बोलेन, असे मी स्वतःला रोज सांगतो, पण त्याची हमी मला देता येत नाही. म्हणून आजच, तिच्या मागे न लपता, हे लिहून देत आहे. त्या खोलीत माझे तोंड उघडले नाही, तर हा अर्ज मोठ्याने वाचून घ्यावा.

आपल्या कार्यालयाच्या लेखी नसलेला, पण असलेला,

(सही)
वेल्डर, वाहनमालकिणीचा धाकटा भाऊ

दिनांक : सुनावणीच्या आदल्या दिवशी, कार्यालय उघडताच.

सोबत : १) वेल्डिंग केलेला लोखंडी तुकडा, एक.
२) भंगारवाल्याचा जबाब. त्याला माझे नाव ठाऊक नाही. त्याने "चष्मेवाला, घासाघीस करणारा" असे वर्णन दिले आहे. ते खरे आहे.